मुंबई–बँकॉक एकेरी तिकीट, पुढे रेल्वेने मलेशिया: काउंटरवर परतीचा पुरावा म्हणून काय दाखवायचं?

वाटसरू_नाशिक

फेब्रुवारीत तिघांचा प्रवास ठरतोय: मी, नवरा आणि सासूबाई (वय 58). मुंबई ते बँकॉक विमान 3 तारखेला, थायलंडमध्ये 12 दिवस, 15 तारखेला बँकॉकहून रात्रीच्या गाडीने पडांग बेसार, 16 ला मलेशियात, आणि 22 ला क्वालालंपूरहून मुंबईचं विमान. थायलंडहून बाहेर पडायचं विमान-तिकीट आमच्याकडे असणारच नाही.

प्रश्न असे:

1. मुंबईच्या चेक-इन काउंटरवर "परतीचं तिकीट दाखवा" म्हटलं तर क्वालालंपूर–मुंबईचं तिकीट चालेल का? ते थायलंडमधून निघत नाही.
2. रेल्वेचं तिकीट पुरावा म्हणून धरतात का?
3. "डमी तिकीट" काढून देणारे बरेच आहेत. तो मार्ग घ्यावा का?
4. सासूबाईंच्या पासपोर्टवर ईसीआर छापलंय. त्याने काही फरक पडतो का?

अजून एकही तिकीट काढलेलं नाही, त्यामुळे बदल सुचवायला हरकत नाही.

---

तिकीटखिडकी

तिकीट काढायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. या बाबतीतल्या बहुतेक अडचणी तिकिटं काढून झाल्यावर कळतात.

आधी हे समजून घ्या की तुम्हाला पहिल्यांदा अडवणारा माणूस बँकॉकमध्ये नसतो, मुंबईच्या काउंटरवर असतो. 1944 च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार, ज्या प्रवाशाला एखाद्या देशाने प्रवेश नाकारला त्याला परत घेऊन जायची जबाबदारी त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवर येते. अनेक देश वर दंडही लावतात. त्यामुळे काउंटरवरची व्यक्ती स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. तिच्या पडद्यावर टिमॅटिक नावाची यादी असते. ही आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने चालवलेली कागदपत्रांच्या नियमांची माहितीपेढी आहे. तुमचं नागरिकत्व, कुठे चाललात, किती दिवस, एवढं घातलं की पासपोर्टची मुदत, व्हिसा, परतीचं तिकीट याबद्दल त्या देशाने जे कळवलंय ते तिथे येतं.

टिमॅटिकमधली भाषा नीट वाचली पाहिजे. काही देशांसाठी लिहिलेलं असतं की परतीचं किंवा पुढचं तिकीट असणं बंधनकारक आहे. काही देशांसाठी लिहिलेलं असतं की तिकीट नसेल तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात कर्मचाऱ्याला सूट द्यायचा अधिकारच नसतो. दुसऱ्या प्रकारात थोडी मोकळीक असते, पण ती कंपनीची असते, तुमची नाही, आणि बऱ्याच स्वस्त कंपन्या दुसरा प्रकारही पहिल्यासारखाच वागवतात. म्हणून "माझ्या मित्राला कुणी विचारलं नव्हतं" यावर कधीही विसंबू नका. त्या दिवशी, त्या कंपनीने, त्या माणसाला विचारलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमचा पहिला प्रश्न. क्वालालंपूर–मुंबई तिकीट एकट्याने अपुरं आहे. पुराव्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: तुम्ही *त्या* देशातून बाहेर पडताय, तुम्हाला मिळणाऱ्या मुदतीच्या आत पडताय, आणि जिथे चाललात तो देश तुम्हाला आत घेणार आहे. क्वालालंपूरच्या तिकिटाने तुम्ही भारतात परतणार हे कळतं, पण बँकॉक ते क्वालालंपूर या मधल्या टप्प्याचा कागद रिकामा राहतो. तो रेल्वेच्या तिकिटाने भरायचा. दोन्ही एकत्र ठेवलीत की साखळी पूर्ण होते.

तिसरी अट लोक हमखास विसरतात. स्वस्तात मिळालं म्हणून बँकॉक–सिंगापूरचं तिकीट पुरावा म्हणून दाखवतात, आणि काउंटरवर पुढचा प्रश्न येतो की सिंगापूरचा व्हिसा दाखवा. भारतीय पासपोर्टला सिंगापूरसाठी व्हिसा लागतो, त्यामुळे व्हिसा नसेल तर ते तिकीट पुरावा म्हणून कुचकामी. मलेशियाचं तसं नाही. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना तिथे 30 दिवस व्हिसामुक्त प्रवेश आहे आणि ही सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवलेली आहे. तुमचा प्रवास त्यानंतरचा असेल तर आधी ही तारीख पुन्हा वाढलीय का ते बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: मुंबई–बँकॉक एकेरी आणि क्वालालंपूर–मुंबई एकेरी अशी दोन वेगळी तिकिटं काढू नका. बुकिंग करताना "मल्टी-सिटी" निवडा आणि दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. दोन्ही शहरांना सेवा देणारी कंपनी निवडलीत तर हे सहज जमतं, आणि पूर्ण सेवेच्या कंपन्यांकडे ते बहुधा दोन एकेरींपेक्षा स्वस्त पडतं. मोठा फायदा वेगळाच आहे. एकेरी तिकीट दिसलं की संगणक त्या प्रवाशाला "कागदपत्रं तपासा" या रांगेत टाकतो. ऑनलाइन चेक-इन होतं पण बोर्डिंग पास निघत नाही. एकाच पीएनआरवर भारतात परतीचा टप्पा असेल तर कर्मचाऱ्याला तो स्वतःच्या पडद्यावर दिसतो, कागद मागायची वेळच बहुतेकदा येत नाही.

एक खबरदारी: एका पीएनआरवरचा पहिला टप्पा चुकला तर पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात. मुंबईहून निघायची तारीख बदलायची झाली तर आधी कंपनीला कळवूनच बदला.

---

रुळावरून

रेल्वेच्या भागाबद्दल मी लिहितो, कारण नेमकं याच गाडीचं तिकीट पुरावा म्हणून चांगलं चालतं.

तुम्हाला हवी ती गाडी 45 क्रमांकाची विशेष जलद. बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवाट स्थानकातून दुपारी चारनंतर सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडांग बेसारला पोहोचते. जुन्या हुआ लम्फोंग स्थानकावर जाऊ नका. जानेवारी 2023 पासून दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या अफिवाटहून सुटतात. ही गाडी हाट याईला दोन भागांत फुटते. काही डबे सुंगाई कोलोककडे जातात आणि थोडे डबे पडांग बेसारला. त्यामुळे तिकिटावर 45 हाच क्रमांक आणि पडांग बेसार हेच शेवटचं स्थानक असायला हवं. हाट याईपर्यंतचं तिकीट काढून पुढे बघू म्हणाल तर पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य, कारण हाट याई थायलंडमध्येच आहे.

पडांग बेसार नावाची दोन स्थानकं आहेत, एक थाई हद्दीतलं छोटं आणि एक मलेशियातलं मोठं. तुमची गाडी मलेशियातल्या स्थानकात जाते. काउंटरवर शंका आलीच तर हे शांतपणे सांगा: या तिकिटाचं शेवटचं स्थानक मलेशियात आहे. नकाशाचा एक स्क्रीनशॉट जवळ ठेवलात तर दोन मिनिटांत विषय संपतो.

तिकीट थायलंडच्या रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. तिथे प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक भरावा लागतो आणि लगेच क्यूआर असलेली पीडीएफ मिळते. मध्यस्थ संकेतस्थळांवर एक अडचण होते. ते पैसे आज घेतात, पण रेल्वेचं आरक्षण उघडल्यावरच खरं तिकीट काढतात. तोपर्यंत तुमच्या हातात नुसतं व्हाउचर. व्हाउचरवर "मागणी नोंदवली" अशा अर्थाचा मजकूर असतो आणि काउंटरवर तो वाचला जातो. मध्यस्थाकडूनच काढलंत तर निघायच्या आधी व्हाउचरच्या जागी तिकीट आलंय याची खात्री करा.

सासूबाईंसाठी खालचा बर्थ घ्या. तो थोडा महाग, पण रुंदीला बराच मोठा असतो. खालचे बर्थ आधी संपतात आणि पडांग बेसारला जाणारे डबे मुळात थोडेच, म्हणून आरक्षण उघडल्या उघडल्या काढा.

स्थानकात उतरताना सामान घेऊनच उतरायचं. आधी थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग शेजारीच मलेशियाचा प्रवेशाचा. दोन्ही कचेऱ्या एकाच छपराखाली आहेत. थाई शिक्का बसलाय का ते स्वतः पासपोर्ट उघडून बघा. बाहेर पडल्याची नोंद राहिली तर पुढच्या थायलंड प्रवासात ती अडचण समोर येते. मलेशियाचं घड्याळ थायलंडपेक्षा एक तास पुढे आहे. क्वालालंपूरची इलेक्ट्रिक गाडी निवडताना हा तास आणि गाडीचा उशीर दोन्ही धरा. सकाळची पहिली जोडगाडी पकडायचा हट्ट नको, दुपारची घ्या. पुढचा प्रवास पाच-साडेपाच तासांचा आहे, आणि शनिवार-रविवारी व मलेशियाच्या शाळांच्या सुट्ट्यांत ती गाडी भरलेली असते, म्हणून तेही तिकीट आधीच काढून ठेवा.

आता दोन ऑनलाइन अर्ज. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे. पोहोचायच्या आधीच्या 3 दिवसांत भरायचं. त्यात परत निघण्याचा तपशील भरता येतो, तिथे जमीनमार्ग निवडा आणि 15 तारीख टाका. रेल्वेच्या तिकिटावरची तारीख आणि इथली तारीख एकच असू द्या. मलेशियाचं डिजिटल कार्डही पोहोचण्याच्या आधीच्या 3 दिवसांतच भरता येतं, म्हणजे तुमच्या बाबतीत ते बँकॉकमध्ये बसून भरावं लागेल. मुंबईच्या काउंटरवर ते मागितलं तर ते अजून भरताच येत नाही हे सांगा. कर्मचाऱ्यांनाही हे माहीत असतं. दोन्ही अर्ज मोफत आहेत. पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नव्हे, लगेच बंद करा.

---

कागदपत्रं_आधी

चौथ्या प्रश्नाकडे कुणी वळलेलं नाही आणि माझ्या मते तुमच्या प्रवासातला सगळ्यात नाजूक मुद्दा तोच आहे.

ईसीआर म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाताना उत्प्रवासन खात्याची परवानगी लागेल असा पासपोर्ट. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर हे छापलं जातं, त्यामुळे आपल्याकडे कितीतरी आई-सासूबाईंच्या पासपोर्टवर ते असतं. ज्या देशांसाठी हा नियम आहे त्या यादीत आखाती देश येतात एवढंच लोकांना ठाऊक असतं. त्या यादीत थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. तुमचा सगळा प्रवास त्या यादीतच होतोय.

घाबरायचं कारण नाही. नोकरीसाठी नव्हे, फिरायला जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारकांना 1 ऑक्टोबर 2007 पासून वैध पासपोर्ट, लागत असेल तर व्हिसा, आणि परतीचं तिकीट दाखवून जाता येतं. पण इथे परतीचं म्हणजे भारतात परतीचं. पडांग बेसारच्या रेल्वे-तिकिटाने थायलंडचं समाधान होईल, मुंबईच्या इमिग्रेशन डेस्कवरच्या भारतीय अधिकाऱ्याचं होणार नाही. सासूबाईंच्या नावाचं क्वालालंपूर–मुंबई तिकीट छापील स्वरूपात त्यांच्याच हातात असू द्या. तुम्ही आणि नवरा दुसऱ्या रांगेत आणि सगळी तिकिटं तुमच्या फोनमध्ये, असं झालं की गोंधळ होतो. तिघांनी एकाच रांगेत, एकत्र उभं राहा. "कुठे चाललात, कुणाबरोबर, किती दिवस, कुठे राहणार" एवढी उत्तरं सासूबाईंना स्वतःला देता आली पाहिजेत. हॉटेलचं नाव कागदावर लिहून द्या.

याच कारणाने वर सुचवलेलं मल्टी-सिटी तिकीट तुमच्यासाठी सोयीचं नाही तर जवळपास आवश्यक आहे. एकाच ई-तिकिटावर मुंबईहून जाणं आणि मुंबईला येणं दिसतं.

हाताशी वेळ असेल तर ईसीआर काढूनच टाका. 50 वर्षांवरील व्यक्ती नॉन-ईसीआर वर्गात बसतात, म्हणजे सासूबाई शिक्षणाच्या दाखल्याशिवायही पात्र आहेत. पासपोर्ट सेवेवर "री-इश्यू" निवडायचं, कारणात ईसीआर वगळणे हा पर्याय, आणि जन्मतारखेचा पुरावा. 36 पानी पुस्तिकेची साधी फी 1,500 रुपये, तत्काळ असेल तर त्यावर 2,000 रुपये जास्त. नवा पासपोर्ट येईल, क्रमांक बदलेल, म्हणून तिकिटं नंतर काढा. नव्या पासपोर्टवर नॉन-ईसीआर असा शिक्का नसतो. काहीच छापलेलं नसणं हाच नॉन-ईसीआरचा अर्थ.

पासपोर्टची मुदत तिघांचीही पोहोचण्याच्या दिवसापासून किमान 6 महिने शिल्लक हवी. हे तिकिटाआधी बघा.

---

तिकीटखिडकी

ईसीआरचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. वरचा प्रतिसाद पूर्ण बरोबर आहे.

आता डमी तिकिटाबद्दल, कारण तिसरा प्रश्न बाकी आहे. या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक म्हणजे खरं आरक्षण, पण पैसे न भरलेलं. एजंट आरक्षण प्रणालीत जागा अडवून ठेवतो, सहा अक्षरी पीएनआर मिळतो, कंपनीच्या संकेतस्थळावर तो उघडतोही. पण तिकीट निघालेलं नसतं. ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत की प्रणाली स्वतःच ते रद्द करते. मुदत कधी 24 तास, कधी 72, कधी कंपनी मधेच कापते. काल रात्री उघडलेला पीएनआर आज पहाटे तीन वाजता काउंटरवर उघडत नाही, तो यामुळेच. शिवाय काउंटरवर तिकीट क्रमांक बघितला जातो. पूर्ण सेवेच्या कंपन्यांचा ई-तिकीट क्रमांक 13 आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, उदाहरणार्थ एअर इंडियाचे 098, थाई एअरवेजचे 217. अडवलेल्या जागेला हा क्रमांक नसतो. बऱ्याच स्वस्त कंपन्या 13 आकडी क्रमांक देत नाहीत, तिथे पीएनआर आणि "कन्फर्म्ड" ही स्थिती बघतात.

दुसरी गोष्ट म्हणजे संगणकावर बनवलेली पीडीएफ. पीएनआर खोटा किंवा दुसऱ्याचा. हा बनावट दस्तऐवज आहे, तो खरा म्हणून दाखवणं हा भारतातही गुन्हा आहे आणि इमिग्रेशनसमोर दाखवलात तर त्या देशाची दारं बरीच वर्षं बंद होऊ शकतात. यात कसलाही मधला मार्ग नाही. कुणी दिली तरी घेऊ नका.

तुमच्या योजनेत डमीची गरजच नाही, कारण खरा प्रवासच पुरावा आहे. ज्यांचा पुढचा बेत खरोखर ठरलेला नाही त्यांनी स्वस्तातलं एखादं खरं तिकीट काढावं (बॅगेशिवाय, जवळच्या आणि प्रवेश मिळणाऱ्या देशाचं), किंवा पूर्ण परतावा देणाऱ्या भाड्यातलं तिकीट कंपनीच्याच संकेतस्थळावरून काढून नंतर रद्द करावं. रद्द करायचं तर त्या देशात शिक्का बसल्यानंतर, बोर्डिंग पास मिळाल्यावर लगेच नव्हे. उतरल्यावरही विचारतात. "रिफंडेबल" या शब्दाखाली काय लिहिलंय ते वाचा. काही भाड्यांत परतावा रोख नसतो, पुढच्या प्रवासाची पत असते. एजंट संकेतस्थळाची सुविधा फी परत येत नाही आणि त्यांच्यामार्फत परतावा यायला कंपनीपेक्षा जास्त दिवस लागतात. अमेरिकेचा 24 तासांत मोफत रद्द करण्याचा नियम अनेक ठिकाणी सर्रास सांगितला जातो. तो अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी आणि किमान 7 दिवस आधी काढलेल्या तिकिटांसाठी आहे, मुंबई–बँकॉकला त्याचा संबंध नाही.

काउंटरवर प्रत्यक्ष काय बिघडतं, ते वारंवारतेच्या क्रमाने लिहितो.

तारीख. पुढच्या तिकिटाची तारीख मिळणाऱ्या मुदतीच्या बाहेर. पोहोचण्याचा दिवस बहुतेक ठिकाणी पहिला दिवस धरतात, मग तुम्ही रात्री 11:50 ला उतरला असाल तरी. आणि 00:30 ला सुटणारं विमान हे *पुढच्या* तारखेचं असतं. शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका, दोन दिवस आत राहा. थायलंडने 15 जुलै 2024 पासून भारतीयांना 60 दिवसांची व्हिसामुक्त मुदत दिली, पण अशा सवलती तिथल्या मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने कमी होतात. निघायच्या आठवड्यात टिमॅटिकवर आणि थाई दूतावासाच्या पानावर पुन्हा बघा. तुमच्या 12 दिवसांना धोका नाही.

नाव. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून असतं. विमानाच्या तिकिटावर दोन्ही, रेल्वेच्या तिकिटावर एकच, एवढ्याने सहसा अडत नाही, कारण पासपोर्ट क्रमांक जुळतो. पण आडनावाचा रकाना रिकामा असेल, किंवा लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे असेल तर अडतं. तिन्ही तिकिटं पासपोर्ट समोर ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवून काढा.

वेळ. आंतरराष्ट्रीय काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा 75 मिनिटं आधी. एकेरी तिकीट असेल तर ऑनलाइन चेक-इन झालं तरी तीन तास आधी पोहोचा. रांगेत उभं राहिल्यावर नवीन तिकीट काढायची पाळी आली तर ते कंपनीच्या संकेतस्थळावरूनच काढा. एजंट साइटवर पैसे लगेच जातात आणि तिकीट मात्र अर्ध्या तासाने येतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा, ते बंद असल्यामुळे आयत्या वेळी पैसे जात नाहीत.

काउंटरवर नकार आलाच तर वाद न घालता सुपरवायझरला बोलवायला सांगा आणि टिमॅटिकमधला नेमका मजकूर वाचून दाखवायची विनंती करा. रेल्वेचं तिकीट पुढच्या प्रवासाच्या व्याख्येत बसतं हे सुपरवायझरला बहुधा माहीत असतं, नवीन कर्मचाऱ्याला नसतं. कागद अपुरे म्हणून विमान चुकलं तर ते "नो-शो" धरतात. कर सोडून बाकी पैसे परत मिळत नाहीत.

---

कोकणकडा

याच धाग्यात विचारतो. बाली आणि फिलिपिन्ससाठीही हेच लागू का? आणि बँकॉकहून बसने कंबोडियाला जाण्याचं तिकीट चालेल का?

---

कागदपत्रं_आधी

बालीला (म्हणजे इंडोनेशियाला) नियम जास्त कडक आहे. आगमन व्हिसा 30 दिवसांचा, फी 5,00,000 रुपिया, एकदाच आणखी 30 दिवस वाढवता येतो. परतीचं किंवा पुढचं तिकीट ही व्हिसाची लेखी अट आहे, आणि ते *पहिल्या* 30 दिवसांतलं असावं. "मी नंतर मुदत वाढवणार" म्हणून 45 व्या दिवसाचं तिकीट दाखवलंत तर काउंटरवर ते मान्य होत नाही. मुदत ओलांडली तर दंड दिवसाला 10,00,000 रुपिया, म्हणजे व्हिसाच्या फीच्या दुप्पट. बालीसाठी 1,50,000 रुपियांचा पर्यटन करही आहे, पण त्याचा तिकिटाच्या पुराव्याशी संबंध नाही.

फिलिपिन्स या सगळ्यांत कडक. 8 जून 2025 पासून भारतीयांना 14 दिवस व्हिसामुक्त प्रवेश मिळतो, आणि त्यात पक्कं परतीचं किंवा पुढचं तिकीट, राहण्याची नोंद आणि पैशाचा पुरावा या तिन्ही अटी लिहिलेल्या आहेत. हे 14 दिवस वाढवून मिळत नाहीत. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटनचा वैध व्हिसा असेल तर मुदत 30 दिवस, पण तिकिटाची अट तीच. फिलिपिन्स बेटांचा देश असल्यामुळे "रस्त्याने बाहेर पडणार" हा पर्यायच नाही. मनिलाहून सेबूचं तिकीट दाखवणारे असतात. ते देशांतर्गत आहे, पुरावा नाही. तिथलं ई-ट्रॅव्हल नोंदणीचं काम पोहोचायच्या आधीच्या 72 तासांत करायचं.

व्हिएतनामचं वेगळं. तिथे आधीच ई-व्हिसा घ्यावा लागतो, 15 ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंत मिळतो (एकदा प्रवेशाचे 25 डॉलर, अनेकदाचे 50). हातात व्हिसा असल्यामुळे परतीच्या तिकिटाचा आग्रह कमी असतो, तरी एकेरी प्रवाशाला कंपनी विचारू शकते.

कंबोडियाच्या बसचं तिकीट पुरावा म्हणून घेऊ नका. सीमेवरच्या संघर्षामुळे 2025 च्या मध्यात थायलंड–कंबोडिया जमिनीवरची ठाणी बंद करण्यात आली. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक असतं, आणि बंद झालेल्या वाटेचं तिकीट दाखवलंत की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. बँकॉक–नोम पेन्ह विमान घ्या आणि कंबोडियाचा ई-व्हिसा सोबत ठेवा.

---

सातासमुद्रापार

उलट दिशेचंही नोंदवून ठेवतो, कारण परदेशातल्या मराठी घरांत हे दरवर्षी घडतं. परदेशी पासपोर्टवरची मुलं किंवा सून-जावई भारतात ई-पर्यटक व्हिसावर येत असतील तर भारताचीही हीच अट आहे: परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट आणि पुरेसे पैसे. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असेल तर ही अट येत नाही. कुटुंबातले आई-वडील ओसीआयवर एकेरी तिकिटाने निघतात आणि लहान मुलाचं ओसीआय अजून झालेलं नसतं, त्याला ई-व्हिसा असतो, नेमका तोच काउंटरवर अडकतो. त्या मुलाचं परतीचं तिकीट आधी काढा. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांसाठी भारताचं ई-आगमन कार्ड 1 ऑक्टोबर 2025 पासून सुरू झालंय, तेही पोहोचण्याच्या आधीच्या 72 तासांतच भरायचं.

---

वाटसरू_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. ईसीआरच्या यादीत थायलंड आणि मलेशिया असतील हे डोक्यातच आलं नव्हतं. क्रम असा ठरवतेय: आधी सासूबाईंचा पासपोर्ट री-इश्यू, तो हातात आल्यावर मुंबई–बँकॉक आणि क्वालालंपूर–मुंबई एका पीएनआरवर, मग 45 क्रमांकाच्या गाडीचे तीन बर्थ, मग मलेशियातली गाडी. छापील प्रती तिघांच्या वेगळ्या.

एकच शंका: पैशाचा पुरावा बँकॉकला मागतात का?

---

रुळावरून

क्वचित, पण मागू शकतात आणि तेव्हा रोख बघतात, कार्ड नाही. माणशी 20,000 बाटांइतकी रक्कम रोख असली (डॉलर किंवा बाट, दोन्ही चालतं) की प्रश्न उरत नाही. तिघांचे पैसे एकाच पाकिटात ठेवू नका, खिडकीवर प्रत्येकाला वेगळं विचारतात.

आणि रेल्वेच्या तिकिटाची तारीख 15 असली तरी मलेशियात तुम्ही 16 ला पोहोचताय. मलेशियाच्या कार्डावर आगमनाची तारीख 16 टाका. इथे बरेच जण 15 लिहितात.